पस्तीस अंशांच्या पुढे

लॅपटॉपच्या खोक्यात चार्जरच्या खाली एक घडी घातलेला कागद असतो. तो कुणीच वाचत नाही. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे यंत्र किती तापमानापर्यंत वापरावं. बहुतेक कंपन्यांचा आकडा एकच असतो, ३५ अंश सेल्सिअस. ॲपल मॅकबुक एअरसाठी १० ते ३५ सांगते. बंद करून नुसतं ठेवून द्यायचं असेल तर ४५ पर्यंत चालेल म्हणते.

मी वरणगावात राहतो. तालुका भुसावळ, जिल्हा जळगाव. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि त्याची कुणी बातमीही करत नाही. एप्रिलपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत ३५ हा आकडा आम्हाला सकाळी दहा-अकरालाच भेटतो. म्हणजे त्या कागदाप्रमाणे वागायचं ठरवलं, तर उन्हाळाभर मी दिवसा लॅपटॉप उघडायलाच नको. ऐन मेमध्ये तो गच्चीवरच्या खोलीत बंद करून ठेवणंसुद्धा नियमाबाहेर.

पण कामं तर दिवसाच असतात. पुण्याच्या कंपनीची सकाळची मीटिंग वरणगावचं ऊन बघून ठरत नाही.

तर हे त्या कागदाशी भांडण आहे. आणि खरं सांगायचं तर माझ्याच लोकांशी, म्हणजे लिनक्स वापरणाऱ्यांशीसुद्धा आहे. पातळ, चकचकीत, एका बोटावर उचलता येणारा लॅपटॉप घ्यायचा, त्यावर लिनक्स टाकायचं, फोटो काढायचा आणि ‘आता मी मोकळा झालो’ म्हणून जाहीर करायचं, ही आपल्याकडची नवी रीत आहे. मला ती पटत नाही. ज्या यंत्राची पाठ तुम्हाला उघडता येत नाही, ज्याची मेमरी बदलता येत नाही, त्यावर कुठलीही सिस्टिम टाका, तुम्ही निम्मेच मोकळे आहात. आणि आमच्यासारख्या गावात उरलेलं निम्मं फार महाग पडतं.

मेमधली एक दुपार

माझ्या मावसबहिणीला दोन वर्षांपूर्वी पहिली नोकरी लागली. काम घरून, यंत्र स्वतःचं. घरात पहिल्यांदाच कुणी सॉफ्टवेअरमध्ये गेलं होतं, त्यामुळे लॅपटॉप घेताना मावशीने हात आखडता घेतला नाही. बारा हप्ते बांधून घेतले. दीड बोट जाडीचा, पत्र्यासारखा थंडगार लागणारा, दुकानात हातात घेतला की सोडवणार नाही असा. कंपनीचं सगळं काम लिनक्सवर होतं म्हणून मीच तिला पहिल्या रविवारी उबुंटू टाकून दिलं. वायफाय चाललं, ब्लूटूथ चाललं. आम्ही दोघं खूश.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी अडीचला तिचा फोन आला. “दादा, बंद पडला. चालूच होत नाहीये.”

वीज जाऊन-येऊन होती, कूलर बंद होता, आणि यंत्रावर तासभर एक मोठं बिल्ड चाललेलं होतं. बटण दाबलं तर दिवासुद्धा लागेना. यंत्र दुसऱ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला गेलं. चार दिवसांनी उत्तर आलं की बोर्ड गेला. मेमरी बोर्डावर डागलेली, डिस्कही बोर्डावर डागलेली, प्रोसेसर तर असतोच. म्हणजे बोर्ड बदलायचा तर सगळंच बदलायचं. खर्च नव्या यंत्राच्या किमतीहून थोडाच कमी. वर एक टोमणा, की तुम्ही मूळची सिस्टिम काढून टाकलीत, तेव्हा वॉरंटीचं आम्हाला विचारावं लागेल. आणि डेटा? तो बोर्डाबरोबर.

तेव्हा तिचे पाच हप्ते बाकी होते.

ते यंत्र उन्हानेच मेलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. विजेच्या धक्क्याने मेलं असेल, एखादा सुटा भाग मुळातच कच्चा असेल. पण माझा मुद्दा मरणाच्या कारणाचा नाहीच. यंत्रं मरतात. मुद्दा हा, की एक दोन रुपयांचा भाग मेला तर त्याच्यासोबत पन्नास-साठ हजारांचं सगळं सरणावर का जावं? तिचा कोड गिटवर चढवलेला होता म्हणून वाचला. ती आठ दिवस माझ्या जुन्या, जाडजूड थिंकपॅडवर काम करत राहिली. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. नोकरी वाचली. पण त्या आठ दिवसांत मावशीचा चेहरा मी पाहिला आहे, आणि हा लेख मुळात त्या चेहऱ्यामुळे लिहितोय.

पातळपणा आला कुठून

जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर एका कागदी लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या लिफाफ्यात मावण्यासाठी काय काय बाहेर ठेवलं होतं, हे टाळ्यांत ऐकू आलं नाही. सीडी ड्राइव्ह नव्हता, नेटवर्कची केबल लावायला जागा नव्हती, आणि २ जीबी मेमरी बोर्डालाच डागलेली होती. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ हा शब्द बाजारात आणला आणि बाकीच्या कंपन्याही त्याच रांगेत उभ्या राहिल्या. २०१२ मध्ये थिंकपॅडसारख्या कामकरी घराण्यातही एक्स१ कार्बन जन्माला आला, तोसुद्धा डागलेल्या मेमरीसह.

आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. लिफाफ्यातला तो मॅकबुक एअर त्याच्या सर्वांत जाड भागात १९.४ मिलिमीटर होता. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये आलेला थिंकपॅड टी४८० साधारण २० मिलिमीटर आहे. आज त्याला लोक ‘जाड’ म्हणतात. त्यात मेमरीच्या दोन खाचा आहेत, डिस्क काढता येते, एक बॅटरी आत आणि दुसरी मागून खटका सरकवून काढता येणारी. आतली बॅटरी चालू असताना बाहेरची बदलता येते, यंत्र बंद न करता. भारनियमनाच्या गावात याहून जास्त काय हवं असतं?

आणखी पुढे जा. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमवर्क नावाच्या छोट्या कंपनीने १६ मिलिमीटरहून कमी जाडीचा, १.३ किलोचा लॅपटॉप काढला. त्याची मेमरी बदलता येते, डिस्क बदलता येते, बॅटरी, कीबोर्ड, पडदा, अगदी बोर्डसुद्धा बदलता येतो, आणि स्क्रू उघडायचं पेचकस खोक्यातच मिळतं. २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड टी१४ ला आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या संस्थेने दहापैकी नऊ गुण दिले. त्याच वर्षी थिंकपॅड पी१ मध्ये एलपीकॅम२ नावाची मेमरी आली. पातळ यंत्रात बसणारी, वीज कमी खाणारी, तरीही स्क्रू काढून बदलता येणारी.

म्हणजे ‘पातळ करायचं तर डागावंच लागतं’ हे आपल्याला सांगितलं जाणारं कारण पुरेसं खरं नाही. डागल्याने काही फायदे होतात, वीज थोडी वाचते, वेगही थोडा वाढतो, हे मान्य. पण १६ मिलिमीटरमध्ये उघडता येणारं यंत्र बनवता येतं हे कुणीतरी बनवून दाखवलेलं आहे. त्यानंतरही तुमचं यंत्र बंद पेटीसारखं असेल, तर ते कुणीतरी ठरवून तसं ठेवलेलं आहे.

साडेदहा वॉट

आता उन्हाचा हिशोब. तो अवघड नाही, दहावीच्या विज्ञानात बसतो.

पंखा आणि तांब्याची नळी मिळून प्रोसेसरची उष्णता बाहेरच्या हवेत टाकतात. किती टाकता येईल हे प्रोसेसर आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. चिप साधारण १०० अंशांच्या आसपास स्वतःला आवरायला लागते. बंगळुरूच्या एसी ऑफिसात हवा २२ अंश. फरक ७८. माझ्या खोलीत मेमध्ये हवा ४५ अंश. फरक ५५. तोच पंखा, तीच नळी, पण बाहेर पडणारी उष्णता जवळपास तीस टक्क्यांनी कमी. जे यंत्र तिथे १५ वॉट पेलतं ते इथे साडेदहा वॉटवर थांबतं. तुम्ही पैसे मोजले १५ वॉटच्या यंत्राचे, वापरायला मिळतंय त्याच्या दोन तृतीयांशाहून जरासं जास्त.

जाड यंत्रालाही हाच नियम लागू आहे. पण त्यात मोठा पंखा असतो, जाड नळी असते, थोडी पोकळी असते, म्हणून तीस टक्के गमावूनही पुरेसं उरतं. पातळ यंत्रात सगळं आधीच कडेलोटाला आणून ठेवलेलं असतं. काहींत तर पंखाच नसतो. शिवाय आमच्याकडची धूळ. काळ्या मातीची, पिठासारखी, पातळ पंखुड्यांमध्ये जाऊन बसणारी. वर्षातून दोनदा पाठ उघडून ब्रश मारला नाही तर तो साडेदहाचा आठ होतो. आणि पाठ उघडतच नसेल तर?

लिनक्सवर हे सगळं लपत नाही, हे मला लिनक्सचं आवडतं. टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ लिहा, आकडे समोर येतात. कर्नलच्या नोंदी उघडा, तापमान मर्यादेबाहेर गेल्यामुळे घड्याळ कमी केलं अशा ओळी रांगेने दिसतात. मावसबहिणीच्या यंत्राच्या अशा ओळी मी एप्रिलमध्येच पाहिल्या होत्या. करायला मात्र काही नव्हतं. सिस्टिम खरं सांगत होती आणि यंत्र ऐकायला तयार नव्हतं.

लिनक्सवाल्यांनो, थोडं ऐका

इथे माझे मित्र एक हुकमाचं पान टाकतात. “अरे, लिनस टोरवाल्ड्स स्वतः पातळ मॅकबुक एअर वापरतो.”

खरं आहे. २०२२ मध्ये लिनक्स कर्नलची ५.१९ ही आवृत्ती त्याने ॲपलच्या एआरएम चिपच्या लॅपटॉपवरून, असाही लिनक्सच्या मदतीने प्रसिद्ध केली होती. पण अर्धीच गोष्ट सांगू नका. २०२० मध्ये त्याने आपल्या टेबलावरचं कामाचं मुख्य यंत्र बदललं, आणि ते ३२ कोअरचं एएमडी थ्रेडरिपर होतं. कर्नल बांधण्याचं जड काम तिथे होतं. पातळ यंत्र त्याच्या प्रवासाच्या पिशवीत असतं. तो राहतो अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, वरणगावात नाही. ज्याच्याकडे दोन यंत्रं आहेत त्याचं दुसरं यंत्र पाहून, ज्याला एकच परवडतं त्याने पहिलं निवडू नये.

मला त्याच माणसाची जुनी गोष्ट जास्त जवळची वाटते. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिलं ते हप्त्यांवर घेतलेल्या ३८६ पीसीवर. आपल्यासारखाच हप्तेवाला. पण तो पीसी उघडता येत होता.

आणि मोकळं सॉफ्टवेअर ही कल्पना कुठून आली, आठवतं? १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमनला एका लेझर प्रिंटरचा प्रोग्राम दुरुस्त करायचा होता. कागद अडकला की वापरणाऱ्यांना कळावं, एवढंच त्याला हवं होतं. प्रोग्रामचा कोड मिळाला नाही. समोरचं यंत्र आपलं, पण दुरुस्त करायला बंदी, या चिडीतून १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प उभा राहिला. म्हणजे आपल्या चळवळीच्या मुळाशी एक बिघडलेलं यंत्र आहे आणि ते दुरुस्त करू न दिल्याचा राग आहे. चाळीस वर्षांनी आपण कोड मिळवला, आणि यंत्राची पाठ हसत हसत बंद करून घेतली. हे स्टॉलमनच्या प्रिंटरपेक्षा कितीसं वेगळं?

पातळ यंत्रं लिनक्सला अडवतात ती फक्त उन्हात नाही. झाकण मिटलं की यंत्राने गाढ झोपावं ही साधी अपेक्षा. पण नव्या पातळ यंत्रांत ती जुनी गाढ झोप कंपन्यांनी काढून टाकली, फोनसारखी अर्धवट झोप आणली. परिणाम असा, की भुसावळला गाडीत बसताना पिशवीत ठेवलेलं ऐंशी टक्क्यांचं यंत्र नाशिकला गरम आणि रिकामं निघू शकतं. २०१८ च्या एक्स१ कार्बनमध्ये हेच झालं होतं. लिनक्स वापरणाऱ्यांनी ओरड केली, आणि त्याच वर्षी लेनोवोने बायोसमध्ये झोपेचा ‘लिनक्स’ नावाचा वेगळा पर्याय दिला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. ओरड केली तर ऐकलं जातं. झोपेसाठी आपण ओरडलो. स्क्रूसाठी का नाही ओरडत?

मोटारवाल्याचं दुकान

कामाचं यंत्र म्हणजे काय, हे आम्हाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. खानदेशात ते ठरलेलं आहे.

आमच्या पट्ट्यात केळी आहे. तापीच्या काठाने रावेर, यावलपर्यंत. केळीला मेमध्ये पाणी चुकलं तर वर्ष गेलं. आणि बोअरमधली सबमर्सिबल मोटार जळते ती नेमकी मेमध्येच, कारण व्होल्टेज पडतं आणि मोटार तासन् तास चालते. अशा वेळी शेतकरी मोटार वर काढतो, टेम्पोत टाकतो आणि रिवाइंडिंगच्या दुकानात येतो. रात्रीचे नऊ वाजलेले असतात. दुकानदार म्हणतो, “ठेव भाऊ, रातीच करून देतो.” तांब्याची जळकी तार काढतो, नवी भरतो, वार्निश मारतो, आणि पहाटे मोटार पुन्हा पाण्यात. नवी मोटार घ्यायची वेळ कधीतरी येते, पण एक गुंडाळी जळली म्हणून अख्खी मोटार फेका असं कुणी म्हणालं, तर त्याला दुकानाबाहेर काढतील.

एकदा मी तिथे उभा असताना माझ्या पिशवीतला लॅपटॉप त्या दुकानदाराने हातात घेतला, उलटा केला, आणि विचारलं, “याले उघडत कुठून?” मी म्हटलं, हा उघडतो, पण हल्लीचे पुष्कळसे असे असतात की उघडूनही उपयोग नाही, आत सगळं एकालाच चिकटवलेलं. तो हसला. “मग त्याच्यावर काम कसं करता तुम्ही?”

याचं उत्तर मला त्या दिवशी आलं नाही. अजूनही येत नाही.

मोटारीची जी परीक्षा, तीच लॅपटॉपची असायला हवी. आपल्या उन्हात चालला पाहिजे. तालुक्याच्या आत दुरुस्त झाला पाहिजे. एक भाग गेला तर एकच भाग बदलता आला पाहिजे. भुसावळला मेमरीची पट्टी मिळते, एसएसडी मिळते, बॅटरी आणि पंखा मागवून देणारे आहेत, सोल्डरिंगला हात बसलेली पोरं आहेत. कौशल्य आहे, दुकानं आहेत. त्यांच्यासमोर बंद पेट्या ठेवून आपण त्यांचा धंदाही बुडवतो आणि आपला दिवसही.

‘पण वजनाचं काय?’

रास्त प्रश्न. रोज वरणगाव-भुसावळ-जळगाव अप-डाऊन करणाऱ्या मुलीच्या खांद्यावर आधीच डबा, बाटली, वह्या असतात. तिथे एक किलो आणि अडीच किलो यांत फरक आहे, आणि ‘उचला की, आम्ही नाही का उचलले’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण वजन आणि जाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरात त्यांना एकत्र विकते. खांद्याला वजन कळतं. १५ मिलिमीटर आणि २० मिलिमीटरमधला फरक खांद्याला कळत नाही, तो फक्त डोळ्यांना कळतो, तोही समोरच्याच्या. टी४८० भरतो दीड किलोच्या थोडा वर. मी त्याला तीन वर्षं पाठीवर वागवतोय आणि माझी पाठ ठीक आहे.

दुसरा आक्षेप, की माझं काम हलकं आहे. लिहितो, ब्राउझर उघडतो, एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर जातो, जड काम तिथे होतं. मग पातळ यंत्र पुरतं. बरोबर, पुरतं. लिनक्स अशा कामासाठी फार कमी मागतं. पण तेव्हा तुमचं खरं यंत्र ते दूरचं आहे, आणि तुमच्या हातात आहे ती खिडकी. खिडकीसाठी ऐंशी हजार कशाला? आणि नेट गेलं की खिडकीतून काय दिसतं, हे वरणगावात राहणाऱ्याला मी सांगायला नको.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. एका मैत्रिणीने तोंडावर सांगितलं, “म्हणजे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी वापरून टाकलेली यंत्रं खानदेशातल्या पोरांनी घ्यायची, असंच ना? नवं त्यांना, जुनं आपल्याला.”

तिचं म्हणणं खरं आहे, आणि ते गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. आज उघडता येणारं आणि परवडणारं यंत्र बहुतेक वेळा सेकंडहँडच असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ ने सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक इंटेल चिपांना दारातच अडवलं. त्यामुळे धडधाकट यंत्रं बाजारात आली, आणि लिनक्सवर ती अजून कित्येक वर्षं चालतील. हा आपला फायदा आहे. पण तो दुसऱ्याच्या उष्ट्यातला फायदा आहे, हक्क नाही. म्हणूनच मी नुसतं ‘जुनं घ्या’ म्हणून थांबत नाही. नवं आणि उघडता येणारं यंत्र इथल्या किमतीत मागितलं पाहिजे.

आणि मागणी हवेत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरी नियमांनुसार फेब्रुवारी २०२७ पासून तिथल्या छोट्या उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला बदलता आल्या पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल उघडलं. पोर्टलवर माहिती मिळते. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. आणि कोणताही कायदा करायचा तर त्यात तो ३५ चा आकडाही यायला हवा. ज्या देशात उन्हाळा ४५ ला जातो तिथे ३५ पर्यंतच वापरा असं बारीक अक्षरांत लिहून वस्तू विकणं, म्हणजे वॉरंटीत आधीच पळवाट ठेवणं.

तोवर काय करायचं

घेण्याआधी यंत्राचं नाव आणि मॉडेल घालून त्याची पाठ उघडल्याचा व्हिडिओ बघा. मेमरीला किमान एक खाच आहे का? डिस्क वेगळी निघते का? बॅटरी स्क्रूने बसवलेली आहे की चिकटवलेली? या तिन्हींची उत्तरं ‘नाही’कडे झुकत असतील तर पडद्याच्या कडा कितीही बारीक असोत, उठून या.

सेकंडहँड घेत असाल तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्या. दुकानातच त्यावरून यंत्र चालू करा. काही बसवायची गरज नाही. वायफाय, कॅमेरा, आवाज तपासा. काही नव्या पातळ यंत्रांचे कॅमेरे लिनक्सवर त्रास देतात. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडून बघा. बॅटरीची माहिती काढा: मूळ क्षमता किती होती आणि आता किती भरते, हे दोन्ही आकडे लिनक्स शेजारी शेजारी दाखवतं. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान.

आणि पातळ यंत्र आधीच घेतलं असेल, हप्ते चालू असतील, तर अपराधी वाटून घेऊ नका. चूक तुमची नाही. उन्हाळ्यात बॅटरीची चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवा. बऱ्याच यंत्रांत लिनक्समधून ते करता येतं. गरम आणि पूर्ण भरलेली बॅटरी लवकर फुगते. जड बिल्ड पहाटे लावा किंवा प्रोसेसरचा कमाल वेग स्वतःच खाली आणा. आपण उतरवलेला वेग हा त्याने अचानक पाडलेल्या वेगापेक्षा बरा. यंत्र गादीवर ठेवू नका, आणि कूलरच्या थेट ओल्या झोतातही नको. आणि रोज बॅकअप घ्या. डागलेल्या डिस्कवर एकच प्रत ठेवणं म्हणजे देवाच्या भरवशावर नोकरी करणं.

मावसबहिणीने तिचं जुनं यंत्र दुरुस्त केलं नाही. हप्ते मात्र पाचही भरले. आता तिच्याकडे सेकंडहँड यंत्र आहे, २० मिलिमीटर जाडीचं, कोपऱ्यावर कुठल्यातरी कंपनीच्या मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर अर्धवट निघालेलं. मागच्या मार्चमध्ये तिने ते पहिल्यांदा स्वतः उघडलं. मी फोनवर होतो. सहा स्क्रू, नखाने कड सोडवली, पंख्यातून मुठीएवढी धूळ निघाली. पाठ बंद करताना एक स्क्रू हरवला.

“आता?” तिने विचारलं.

मी म्हटलं, स्टेशनजवळच्या मोबाईलवाल्याकडे जा, तो दहा रुपयांत देईल.

त्याने पैसे घेतले नाहीत.